माथेरानचं वाफेचं इंजिन त्या वळणांवर वळायचं कसं?

प्रश्न असा आहे: माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनाला सहा चाकं, आणि सहाही साइड रॉडने, म्हणजे चाकांच्या बाहेरच्या आडव्या दांड्याने, एकमेकांना जोडलेली. दार्जिलिंगच्या इंजिनाला चारच. मग इतक्या आवळ वळणांवर सहा चाकांचं इंजिन रूळ न सोडता वळायचं कसं? आणि दार्जिलिंगचं साधं, नावाजलेलं इंजिन आधीपासून चालत असताना माथेरानसाठी वेगळं का बनवून घेतलं?

एका वाक्यात सांगायचं तर माथेरानच्या इंजिनाचे पुढचा आणि मागचा हे दोन अ‍ॅक्सल पोकळ होते, आणि आतल्या एका गोळ्यावर ते डावी-उजवीकडे फिरायचे. पण एवढ्याने समाधान होऊ नये. माझी नोकरी वाफेच्या शेडमध्ये फिटर म्हणून सुरू झाली, पुढे नॅरोगेजच्या दुरुस्तीत बरीच वर्षं गेली. त्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. डोंगरी इंजिनाचा कुठलाही भाग घ्या, तो तसाच का आहे याचं उत्तर रुळात सापडतं. म्हणून आधी रूळ पाहू.

नेरळ स्टेशन समुद्रसपाटीपासून जेमतेम 40 मीटर उंचीवर आहे, माथेरान साधारण 800 मीटरवर. ही साडेसातशे मीटरची चढण सुमारे 21 किलोमीटरच्या लाइनीत बसवायची होती. 1904 मध्ये काम सुरू झालं आणि 1907 मध्ये गाडी सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांचा पैसा, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची देखरेख, आणि खर्च सुमारे 16 लाख रुपये. त्या काळात एका कुटुंबाने एवढी रक्कम एका डोंगरात घातली, याचं मला आजही मोठं अप्रूप वाटतं. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 2 फूट (610 मिलिमीटर). सगळ्यात कडक चढ 20 ला 1: वीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. आणि सगळ्यात आवळ वळणाची त्रिज्या 60 फूट, म्हणजे सव्वाअठरा मीटरच्या आसपास.

हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा असेल तर सव्वाअठरा मीटरची दोरी घ्या, एक टोक खुंटीला बांधा आणि दुसरं टोक हातात धरून मैदानात फेरी मारा. त्या फेरीच्या रेषेवरून तुम्हाला रेल्वेचं इंजिन न्यायचंय, तेही डब्यांसकट आणि चढावर.

वळणावर अडचण नेमकी काय होते, हे बैलगाडीवरून पटकन कळतं. बैलगाडीचा आस स्थिर असतो आणि दोन्ही चाकं त्यावर स्वतंत्र फिरतात. गाडी वळली की बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, आणि कुणाची तक्रार नसते. रेल्वेची दोन चाकं मात्र अ‍ॅक्सलवर दाबून बसवलेली असतात. दोघांना सारखंच फिरावं लागतं. आता 2 फुटी गेजवर पूर्ण अर्धवर्तुळ घेतलं, तर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा जवळजवळ 1.9 मीटर लांब भरतो. चाकाच्या शंकूसारख्या आकारामुळे थोडी भरपाई होते, पण एवढ्या आवळ वळणावर ती पुरत नाही. उरलेलं अंतर कुठलं तरी एक चाक घासत काढतं. डोंगरी गाडीतून वळणावर जो किंचाळणारा आवाज ऐकू येतो तो हाच. या घासण्यावर कुठल्याच इंजिनाकडे उपाय नव्हता, माथेरानच्याही नाही.

उपाय दुसऱ्या अडचणीवर होता. तीन अ‍ॅक्सल एकमेकांना समांतर, ताठ बसवलेले आहेत असं समजा. पहिल्या आणि तिसऱ्यामध्ये दोन मीटर अंतर धरा (हा आकडा मी हिशोबाच्या सोयीसाठी घेतलाय). सव्वाअठरा मीटर त्रिज्येच्या वळणावर पहिली आणि तिसरी चाकं रुळावर असतील, तर मधलं चाक रुळापासून 27 मिलिमीटर बाजूला पडतं. चाकाची कड आणि रूळ यांच्यात मोकळीक असते ती साधारण बोटाच्या जाडीहूनही कमी. म्हणजे एक तर चाक चढून रूळ सोडणार, नाही तर रूळच ढकलून गेज फाकवणार. शिवाय पुढचा अ‍ॅक्सल वळणाच्या दिशेपासून तीन अंशांनी तिरका राहतो. तीन अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण त्या कोनात चाकाची कड रुळाला कानशीसारखी घासते, आणि एका मोसमात कड पातळ होऊन धारदार होते. अशी धार आलेली चाकं मी पाहिलेली आहेत. धार आलेली कड रुळाच्या सांध्यात घुसते आणि मग अपघात ठरलेला.

दार्जिलिंगवाल्यांनी यावर सगळ्यात सरळ मार्ग काढला. तिसरा अ‍ॅक्सल ठेवलाच नाही. 1881 मध्ये ती लाइन दार्जिलिंगपर्यंत पोहोचली, आणि 1889 पासून शार्प स्टुअर्ट कंपनीने त्यांना जे इंजिन दिलं त्याला पुढे 'बी' वर्ग म्हणू लागले. दोन अ‍ॅक्सल, त्यांच्यातलं अंतर फक्त साडेपाच फूट, चाकं 26 इंची, सिलिंडर 11 इंच व्यासाचे आणि 14 इंच स्ट्रोकचे, बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला 140 पौंड, वजन साडेपंधरा टनांच्या आसपास. हा नमुना इतका जमला की 1889 ते 1925 या काळात अशी 34 इंजिनं झाली. बहुतेक शार्प स्टुअर्ट आणि तिच्या विलीनीकरणातून झालेल्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची, तीन अमेरिकेतल्या बाल्डविनची, आणि तीन चक्क त्यांच्याच तिनधरिया वर्कशॉपमध्ये उभी केलेली. स्वतःच्या वर्कशॉपात इंजिन उभं करता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. जे आपण उभं करू शकतो ते आपण शंभर वर्षं जगवूही शकतो, आणि त्यांनी ते खरोखर जगवलं.

त्या इंजिनाची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. पाणी बॉयलरवरच्या खोगीरासारख्या टाकीत, आणखी थोडं खाली फ्रेमच्या मध्ये. कोळसासुद्धा मागे नाही, केबिनच्या पुढे बॉयलरच्या वरच. कारण सरळ आहे: वजनाचा एकही किलो असा नको जो ओढणाऱ्या चाकांवर पडत नाही. चढावर इंजिन आपल्या ताकदीने जितकं ओढतं, तितकंच आपल्या वजनाच्या पकडीने ओढतं.

हा हिशोब मी शिकाऊ मुलांना फळ्यावर करून दाखवायचो. वरच्या आकड्यांवरून 'बी' इंजिनाची ओढ साधारण 3500 किलो निघते. पण ही झाली वाफेची बाजू. रूळ कोरडा असेल तर चाकाची पकड वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी धरा, म्हणजे 3100 किलो. 20 ला 1 च्या चढावर प्रत्येक टनामागे 50 किलो तर नुसत्या चढासाठी लागतात. चाकांचा आणि वळणांचा विरोध मिळून आणखी पंधरा-अठरा. म्हणजे टनामागे 68 किलो. तेव्हा कोरड्या रुळावर इंजिनासकट 45 टन चढतील, इंजिन वजा जाता सुमारे 30 टन डबे. आता धुकं पडलं, रूळ ओले झाले आणि पकड निम्म्यावर आली असं धरा. इंजिनासकट 23 टन. इंजिन वजा केलं की उरतात सात-साडेसात टन. तीस टनांची गाडी एका धुक्यात सात टनांवर येते!

म्हणून दार्जिलिंगच्या इंजिनावर ड्रायव्हर आणि फायरमन एवढीच माणसं पुरत नाहीत. पुढच्या बफर बीमवर, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या आडव्या तुळईवर, दोन माणसं बसतात आणि हाताने रुळावर वाळू टाकतात. एक जण वर कोळशावर बसून ढेकळं फोडून फायरमनला देतो. पर्यटक त्यांचे फोटो काढतात आणि पुढे जातात. मला विचाराल तर त्या गाडीतली सगळ्यात महत्त्वाची दोन माणसं बफर बीमवर असतात. वाळू अर्धा सेकंद उशिरा पडली की चाक जागेवर फिरतं, आणि चढावर एकदा फिरलेलं चाक पुन्हा पकडीत आणायचं तर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप, बंद करावा लागतो. रेग्युलेटर बंद केला की गाडी उभी राहते.

आता माथेरान. इथे सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. त्यांचं नाव सोलापूर-बार्शीकडच्या जुन्या रेल्वेवाल्यांना नवं नाही. 1897 मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही त्यांचीच. (याच गृहस्थांनी पुढे विमानातून उडी मारण्यासाठी 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट तयार केलं. एका डोक्यात दोन्ही कशी मावली कोण जाणे.) बार्शी लाइन अडीच फुटी, सपाटीवरची, पण तिच्यामागचा विचार इथे कामाचा आहे. कॅल्थ्रॉप म्हणायचे की छोट्या रेल्वेत पैसा वाचतो तो हलक्या रुळात, आणि रूळ हलका ठेवायचा तर कुठल्याच अ‍ॅक्सलवर 5 टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. इंजिन असो की वॅगन, सगळ्यांना एकच नियम. इंजिन जड हवं असेल तर अ‍ॅक्सल वाढवा, अ‍ॅक्सलवरचा भार वाढवू नका.

या विचाराने दार्जिलिंगच्या इंजिनाकडे बघा. साडेपंधरा टन दोन अ‍ॅक्सलवर, म्हणजे एकेकावर पावणेआठ टन. कॅल्थ्रॉपसारख्या माणसाला हे पटण्यासारखं नव्हतं. तेवढंच वजन तीन अ‍ॅक्सलवर वाटलं तर एकेकावर पाच टनांच्या जरासं वर येतं. पकड तीच, कारण सगळी चाकं जोडलेलीच आहेत, पण रुळावरचा मारा एक-तृतीयांशाने कमी. माथेरानला तीन अ‍ॅक्सलचं इंजिन आलं त्यामागे मला हाच विचार दिसतो. पण तीन अ‍ॅक्सल म्हटले की ते 27 मिलिमीटर आलेच, आणि तिथून पुढची गोष्ट जर्मनीत जाते.

जोडलेली चाकं वळवायची ही सगळ्या युरोपची डोकेदुखी होती. फेअरली आणि मॅलेट यांनी इंजिनाची चाकंच दोन गटांत तोडून प्रत्येक गट वेगळा वळेल अशी सोय केली. पण मग वाफ हलत्या नळ्यांतून न्यावी लागते, सिलिंडर चार होतात, सांधे गळतात. गॅरटची पद्धत तर 1907 नंतरची. दार्जिलिंगने 1911 मध्ये एक गॅरट घेऊन पाहिलं आणि तेवढ्यावरच थांबले. छोट्या इंजिनाला ही सगळी यंत्रणा म्हणजे सशाच्या पाठीवर नांगर. सॅक्सनीच्या रेल्वेतल्या क्लीन आणि लिंडनर या दोन इंजिनिअरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वेगळी वाट काढली: इंजिन ताठच राहू दे, सिलिंडर दोनच राहू देत, साइड रॉडही सरळच फिरू दे. फक्त चाकं तेवढी वळू दे.

हे कसं जमवलं? फ्रेम चाकांच्या बाहेर घेतली. फ्रेममधल्या अ‍ॅक्सल बॉक्समध्ये एक भरीव अ‍ॅक्सल बसवला, त्याच्या दोन्ही टोकांना बाहेर क्रँक, म्हणजे आखूड हात, आणि क्रँकवर साइड रॉड. हा भरीव अ‍ॅक्सल कधीच वळत नाही, फक्त गोल फिरतो. त्यामुळे साइड रॉडला वळणाची खबरही लागत नाही. या भरीव अ‍ॅक्सलवर बाहेरून एक पोकळ अ‍ॅक्सल चढवला, आणि दोन्ही चाकं या पोकळ अ‍ॅक्सलवर दाबून बसवली. आत आणि बाहेर यांच्यात सगळीकडे मोकळीक, फक्त बरोबर मध्यभागी भरीव अ‍ॅक्सलला एक गोळा. शाळेत शिकलेला खांद्याचा उखळीचा सांधा आठवा, तसा. गोळ्यामुळे पोकळ अ‍ॅक्सल तिरका होऊ शकतो आणि थोडा बाजूलाही सरकू शकतो. पण मग भरीव फिरला तर पोकळही फिरला पाहिजे, नाही तर चाकाला ओढ मिळणार कशी? त्यासाठी गोळ्यातून आरपार एक जाड पिन, तिची दोन्ही टोकं पोकळ अ‍ॅक्सलमधल्या ठोकळ्यांत अडकवलेली. ओढ जाते ती या पिनेतून.

मधला, दुसरा अ‍ॅक्सल साधा. इंजिनाची फ्रेम त्याच्यावर ताठ बसलेली. वळणावर आलं की पुढची चाकं आपापल्या रुळाप्रमाणे वळतात, मागची उलट दिशेला, आणि दोन्ही थोडी बाजूला सरकतात. मघाचे 27 मिलिमीटर आता मधल्या चाकाला एकट्याने सोसायचे नसतात, पुढचं आणि मागचं चाक सरकून ते वाटून घेतात. तीन अंशांचा तो कोनही बराचसा नाहीसा होतो, म्हणजे कड कानशीसारखी घासत नाही. आणि हे सगळं होत असताना बाहेरून बघणाऱ्याला साइड रॉड नेहमीसारखा सरळ रेषेत फिरताना दिसतो. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली होती.

माथेरानसाठी अशी चार इंजिनं ओरेनस्टाइन आणि कोपेल या बर्लिनच्या कंपनीने 1905 ते 1907 या काळात बांधली. पुढे त्यांचे क्रमांक 738 ते 741 झाले. याच अ‍ॅक्सलवर जर्मन सैन्याने 600 मिलिमीटर गेजची, आठ चाकं जोडलेली इंजिनं हजारोंनी करून घेतली आणि पहिल्या महायुद्धात खंदकांच्या मागे चिखलात टाकलेल्या रुळांवर चालवली. रूळ वाकडेतिकडे, त्यावर भार वाटणारं आणि वळणारं इंजिन हवं होतं. पावसाळ्यानंतर हललेला आपला डोंगरी रूळ आणि तो खंदकाचा रूळ यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

इथवर गुण सांगितले. आता दुरुस्ती करणाऱ्याच्या बाजूने बोलतो, कारण माहितीपत्रकात ही बाजू येत नाही.

साध्या अ‍ॅक्सलमध्ये इंजिनाचा भार अ‍ॅक्सल बॉक्समधून, म्हणजे चाकाच्या अगदी शेजारी पडतो. अ‍ॅक्सल फार वाकायला बघत नाही. पोकळ अ‍ॅक्सलमध्ये सगळा भार गोळ्यातून, म्हणजे बरोबर मध्यावर येतो. दोन खुर्च्यांवर फळी ठेवून मधोमध माणूस उभा करावा तसा. म्हणून आतला आणि बाहेरचा दोन्ही अ‍ॅक्सल जाड करावे लागतात, आणि हे जाड लोखंड स्प्रिंगच्या खाली राहतं. रुळाच्या प्रत्येक सांध्यावर ते थेट आदळतं. हलका भार मिळवण्यासाठी जे केलं, त्यातला थोडा फायदा इथे परत जातो.

दुसरं म्हणजे झीज. पिन आणि ठोकळे सतत दाबाखाली घासतात. झिजले की पिनेला ढिलाई येते. रेग्युलेटर उघडताना आणि बंद करताना आतून 'ठक्' असा आवाज येतो, चाक साइड रॉडच्या किंचित मागे पडतं. गोळा आणि त्याची उखळ झिजली तर आणखी वाईट. सरळ रुळावरसुद्धा चाकं डावी-उजवीकडे भटकायला लागतात आणि सगळं इंजिन शेपटी हलवल्यासारखं चालतं. माथेरानला वेग ताशी वीस किलोमीटरच्या आतच, म्हणून हे निभत असे. वेगाच्या लाइनीवर असलं इंजिन मी कधीच सोडलं नसतं.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: वंगण. गोळा, पिन, ठोकळे सगळं आत बंद. बाहेरून हात लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही. तेल आत भरायचं आणि बूच घट्ट बसवायचं, एवढाच मार्ग. मी असा एक पोकळ अ‍ॅक्सल स्वतः उघडला आहे, बरीच वर्षं बंद पडून असलेल्या एका जुन्या जर्मन इंजिनाचा. चाक प्रेसवर उतरवलं आणि आत बघतो तर तेलाच्या जागी काळी, वाळलेली खळ. पिनेच्या एका बाजूला पाव इंच खड्डा, ठोकळा एका कोपऱ्यात चिरलेला. शेवटची काही वर्षं ते इंजिन चालवणाऱ्यांनी बूच उघडलंच नव्हतं, कारण ते कशाचं आहे हे सांगणारा जुना माणूस निवृत्त होऊन गेला होता. मला राग आला नाही, फार वाईट वाटलं. यंत्र एवढं हुशार, आणि एका बुचाच्या अज्ञानाने गेलं. त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला मी सांगत आलो की यंत्राचा जो भाग दिसत नाही त्याची वही वेगळी ठेवा.

दार्जिलिंगच्या इंजिनात असा एकही लपलेला भाग नाही. सिलिंडरात वाफ सोडणारं व्हाल्व्ह गिअर बाहेर, साइड रॉड बाहेर, अ‍ॅक्सल साधा. हातोडा, पाना आणि एक लेथ असलेला कुठलाही बरा फिटर ते उभं करू शकतो. दोघांत चांगलं कोणतं असं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे: रुळाच्या बाजूने माथेरानचं, फिटरच्या बाजूने दार्जिलिंगचं. तिथे जड अ‍ॅक्सलची किंमत रूळ बदलण्यात मोजली गेली, इथे हुशार अ‍ॅक्सलची वर्कशॉपमध्ये. चौतीस विरुद्ध चार हा फरक मात्र फक्त रचनेचा नाही. तिकडे लाइन ऐंशी किलोमीटरच्या वर, इकडे एकवीस.

प्रश्नात नव्हतं, पण चढाचा आणखी एक परिणाम सांगायलाच हवा, कारण ड्रायव्हरची झोप उडवणारा तोच. बॉयलरमधलं पाणी सपाट राहतं, बॉयलर तिरका होतो. 20 ला 1 चढावर दोन मीटर लांबीच्या बॉयलरमध्ये एका टोकाला पाणी दुसऱ्यापेक्षा 10 सेंटिमीटर उंच. इंजिनाचं तोंड वर असेल तर पाणी मागे, फायरबॉक्सवर (कोळसा जळतो त्या पेटीवर) येतं. ते सुरक्षित, पण गेज ग्लासमध्ये (पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत) पाणी खरं आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. चढ संपून सपाटी आली की तीच पातळी झपकन खाली येते. फायरबॉक्सचा वरचा पत्रा पाण्याबाहेर उघडा पडला तर तो लाल होऊन खचतो. त्यासाठी पत्र्यात शिशाचा प्लग असतो. तो वितळला की वाफ आगीत घुसते आणि आग दबते. प्लग वितळणं ही ड्रायव्हरची मोठी नामुष्की समजली जायची. म्हणून डोंगरी लाइनीचा ड्रायव्हर गेज ग्लासकडे बघून पाणी ठरवत नाही. पुढच्या दोन किलोमीटरात चढ कुठे मोडतो ते त्याला पाठ असतं, आणि बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर तो त्या हिशोबाने लावतो.

पाण्यावरून आठवलं, वॉटर पाइप हे स्टेशनाचं नाव का पडलं असं अनेक जण विचारतात. अंदाजी हिशोब करू. इंजिनासकट 40 टनांची गाडी साडेसातशे मीटर वर नेताना, आणि छोटं इंजिन कोळशातल्या उष्णतेचा विसावा हिस्साच कामाला लावतं हे धरून, सव्वातीनशे ते चारशे किलो कोळसा जळतो आणि दोन-अडीच टन पाण्याची वाफ होते. छोट्या इंजिनाच्या बाजूच्या टाक्यांत हे सगळं पाणी नेरळहूनच भरून न्यायचं म्हणजे तेवढं वजन पुन्हा त्याच चढावर ओढायचं. तेव्हा जुम्मापट्टी स्टेशन सोडल्यावर वाटेत पाणी मिळण्याची सोय हवीच होती, आणि ती जिथे होती तिचं नाव स्टेशनाला चिकटलं.

उतरताना हिशोब उलटा होतो. 30 टनांची गाडी माथ्यावरून नेरळला येते तेव्हा 62 युनिट विजेएवढी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवावी लागते. एकट्या इंजिनाच्या ब्रेकवर हे सोपवलं तर ब्रेकचे ठोकळे तापून पकड सोडतील, आणि चाकं आवळली गेली तर घसरतील. म्हणून माथेरानच्या गाडीवर ब्रेक पोर्टर असत, डब्यांच्या मध्ये उभे राहून हाताने ब्रेक आवळणारे. किती आवळायचा हे वळणाप्रमाणे बदलतं आणि ते कागदावर लिहून शिकवता येत नाही. इंजिनाच्या रचनेबद्दल लिहिणारे या माणसांना विसरतात, पण त्यांच्याशिवाय ते इंजिन एक दिवसही उतरलं नसतं.

1950 च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीतल्याच युंग कंपनीची डिझेल इंजिनं माथेरानला आली, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वाफ थांबली. कारण समजण्यासारखं आहे. चारच इंजिनं, पंचाहत्तर वर्षं जुनी, त्यांचे सुटे भाग कुठेच मिळत नाहीत, आणि पोकळ अ‍ॅक्सल नव्याने करणं म्हणजे एकेक भाग मुद्दाम घडवणं. दार्जिलिंगला मात्र वाफ आजही आहे. तिथल्या लाइनीला 1999 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि घूमपर्यंतच्या फेऱ्यांना 'बी' वर्ग अजून चालतो. गंमत अशी की 2000 नंतर माथेरानला पुन्हा वाफ दाखवावी असा विचार झाला, तेव्हा आणलं ते दार्जिलिंगचं 'बी' वर्गातलं 794 क्रमांकाचं इंजिन. जे इंजिन शंभर वर्षांपूर्वी या डोंगरासाठी निवडलं गेलं नाही, तेच शेवटी नेरळला आलं, कारण ते दुरुस्त करता येत होतं.

माथेरानच्या मूळ चारांपैकी 740 इंग्लंडला गेलं. 738 दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, आणि दार्जिलिंगचं 777 देखील तिथेच. तुमचा प्रश्न खरोखर मनापासून असेल तर दिल्लीला गेल्यावर ही दोन्ही इंजिनं एकाच दिवशी पाहा. 738 समोर उभं राहून फोटो काढून परतू नका. बाजूला जाऊन खाली वाका, फ्रेमच्या आत, दोन चाकांच्या मध्ये बघा. मधला अ‍ॅक्सल नेहमीसारखा दिसेल. पुढचा आणि मागचा मात्र नळकांड्यासारखा जाड असेल. त्या नळकांड्याच्या पोटात गोळा आणि पिन आहे. मग 777 कडे जाऊन तसंच वाका. तिथे लपलेलं काहीच सापडणार नाही.